लेटीच्या लग्नाची नक्कल

१९८२ सालच्या ऑक्टोबरात सेंट हेलेना बेटावर इंग्रज आजोबांना अचानक भाव आला. त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या ही मंडळी घराघरांत झाकून ठेवलेली होती. कुणाचा आजा पलटणीतला शिपाई, कुणाचा तारेच्या कचेरीतला, तर कुणाचा पाणी भरायला चार दिवस थांबलेल्या जहाजावरचा खलाशी. एखादं मूल निळ्या डोळ्यांचं निघालं की घरातली म्हातारी ‘आमच्याकडं होतात अशी’ म्हणून विषय मिटवी. शेजारीही तो मिटू देत, कारण मिटवण्यासारखं त्यांच्याही घरात काहीतरी असेच.

आता विलायतेच्या पार्लमेंटनं नागरिकत्वाचा नवा कायदा केला होता आणि तो एक जानेवारीपासून लागू व्हायचा होता. त्याच्या आदल्या रात्री बेटावरची सगळी माणसं झोपताना जशी ब्रिटिश असतील, तशी उठताना राहणार नव्हती. राणी तीच, पासपोर्टावरचा सिंह तोच, फक्त विलायतेत पाय ठेवून राहायचा हक्क तेवढा वगळलेला. यातून वाचायची वाट एकच. आईबापांपैकी नाहीतर आजीआजोबांपैकी कुणीतरी खुद्द विलायतेत जन्मलेलं असावं, आणि ते नातं कुणाही बापाकडून येत असेल, आपल्या नाहीतर आईच्या, तर त्या बापाचं लग्न कागदावर लागलेलं असावं. ही वाट तशी दहा-अकरा वर्षं उघडीच होती. पण दार बंद होणार म्हटल्याशिवाय दाराकडं बघायचं नाही, ही बेटाची जुनी रीत.

लग्नाचे हे कागद वरच्या भागातल्या चर्चमध्ये, मागच्या खोलीतल्या लोखंडी पेटीत होते. त्या पेटीची किल्ली डेल्सी क्लिंगमच्या ॲप्रनच्या खिशात असे.

डेल्सी एक्कावन्न वर्षांची होती. चर्च झाडणं, वेदीवरची कापडं धुऊन इस्त्री करणं, घंटेच्या दोराला मेण लावणं आणि रजिस्टरांवरची धूळ झटकणं ही तिची कामं. नवरा स्टेडसन असेन्शन बेटावर खाणावळीत स्वयंपाकी. दीड वर्षानं एकदा घरी येई, आठवडाभर छप्पर दुरुस्त करी आणि मग त्याला करमेनासं होई. रजिस्टरातल्या नोंदींची नक्कलही आता डेल्सीच लिहून देई, कारण तिचं अक्षर गोल होतं आणि पाद्री टिंडल यांना बेटावर येऊन आठच महिने झाले होते. ते नुसत्या सह्या करत.

त्या महिन्यात चर्चमागच्या खोलीबाहेर बाकावर माणसं बसू लागली. पहिल्याच दिवशी हेन्सिल आला. साठीचा हा गृहस्थ एकदा रविवार नसतानाही टाय बांधून गावात उतरला होता, तेव्हापासून सगळं बेट त्याला गव्हर्नर म्हणे. बेटावर टोपणनावाशिवाय माणूस पुरता झाला असं कुणी धरतच नाही.

“तार, एकोणीसशे तीनचं काढ,” तो म्हणाला. तार हे डेल्सीचं टोपणनाव. “माझ्या आजीनं पलटणीतल्या बाजेवाल्याशी लग्न केलं होतं म्हणे.”

“म्हणे कोण?”

“आजीच.”

बाजेवाला सापडला. जन्म यॉर्कशायरातला, वय बावीस, सही ठसठशीत.

“बघा!” हेन्सिल बाकावरच्या लोकांकडं वळून म्हणाला. “जन्मभर म्हातारीला थापाडी म्हणत आलो. आता थडग्यावर फुलं न्यायला हवीत.”

“आधी थडगं कुठलं ते शोधा, गव्हर्नर,” डेल्सी म्हणाली. “तीस वर्षांत फिरकला नाहीत.”

“शोधतो की. पण मी म्हणतो, एवढं सगळं करायचंच कशाला? त्या फॉकलंडवाल्यांना बघा. त्यांना देणार म्हणतायत सगळं परत. का? तर त्यांच्यावर हल्ला झाला. आपल्यावर कुणी हल्लाच करत नाही, हीच खरी अडचण. शनिवारी दुपारपुरता कुणी केला असता तरी भागलं असतं.” बाकावरची मंडळी हसली. नक्कल घडी करून खिशात घालत तो पुढं म्हणाला, “तुला काय काळजी म्हणा! तुझा बाप तर अस्सल तारवाला.”

बाकावरचं हसणं थांबलं. सगळ्यांनी आपापल्या बुटांकडं बघितलं.

डेल्सीचा बाप अर्नेस्ट हॉब्डे, केंट परगण्यात जन्मलेला, तारेच्या कचेरीत कामाला. तो १९३० सालच्या नोव्हेंबरात जहाजानं बेटावरून गेला आणि डेल्सी पुढच्या एप्रिलात जन्मली. आई लेटी तेव्हा एकोणीस वर्षांची होती. ती स्वतःला मिसेस हॉब्डे म्हणवून घेई आणि लोकही तोंडावर म्हणत. लग्न झालं होतं का, हा प्रश्न बेटावर कुणी विचारला नाही, कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त निम्म्यांना एक ठाऊक होतं आणि निम्म्यांना दुसरं.

डेल्सीनं तीस वर्षं त्या रजिस्टरावरची धूळ झटकली होती. १९२८ ते १९३४, काळी पाठ, कोपरा वाळवीनं खाल्लेला. तिनं ते कधी उघडलं नव्हतं. आई खरं बोलत असेल तर उघडायचं कारण नव्हतं, आणि खोटं बोलत असेल तर मुळीच नव्हतं.

नोव्हेंबराच्या दुसऱ्या आठवड्यात जहाज आलं. नेहमीचं जहाज सरकारनं फॉकलंडच्या युद्धावर नेलं होतं आणि बदलीचं मनाला येईल तेव्हा येई. त्यातून कोरिंडाचं पत्र आलं. कोरिंडा डेल्सीची एकुलती एक मुलगी, वय चोवीस. चार वर्षं विलायतेच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या हॉटेलात खोल्या आवरत होती.

‘आई,’ तिनं लिहिलं होतं, ‘माझं परमिट फेब्रुवारीअखेर संपतं. मालकीणबाई म्हणतात, नवा कायदा आला की पुन्हा मिळेल असं वाटत नाही. इथल्या इस्पितळात शिकाऊ नर्स म्हणून माझं नाव लागलंय, पण परमिटवालीला घेत नाहीत. कचेरीतला माणूस म्हणाला, आजोबा इथं जन्मलेले असतील आणि आजीच्या लग्नाची नक्कल असेल तर मी इथलीच धरली जाईन, मग मला कुणी हात लावू शकत नाही. आजोबांचा जन्मदाखला मी केंटमधून मागवलाय. तुझ्या जन्माच्या कागदावर त्यांचं नाव आहेच. फक्त आजीच्या लग्नाची नक्कल हवी. किल्ली तर तुझ्याकडंच आहे. आणि थोडी लाल मिरची पाठव, इथं मिरची म्हणून जे देतात ते गोड असतं.’

जहाज गुरुवारी सुटणार होतं. पुढचं कधी, ते जहाजालाही माहीत नव्हतं.

मंगळवारी डेल्सीनं माशाच्या वड्या केल्या आणि आईकडं घेऊन गेली. लेटी एक्काहत्तर वर्षांची, चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवणारी. तिनं पत्र ऐकून घेतलं आणि वडी मोडत म्हणाली, “मग दे की पाठवून.”

“आई, आत काय लिहिलंय?”

“तीस वर्षं किल्ली तुझ्याकडं आणि मला विचारतेस?”

“तुझ्या तोंडून ऐकायचंय.”

“तीन रविवार पुकारलं गं पाद्र्यानं. भर चर्चमध्ये. अर्नेस्ट गिल्बर्ट हॉब्डे आणि लेटिशिया, कुणाची हरकत असेल तर बोला. कुणी बोललं? तिसऱ्या रविवारी आमच्या घरी केक कापला. बेचाळीस माणसं जेवून गेली. तुझ्या जन्माची नोंद करणारा कारकूनसुद्धा होता, त्यानं तर दोनदा घेतला. म्हणूनच त्यानं बापाचं नाव काही न विचारता लिहिलं. केक कापला की झालं, असंच होतं तेव्हा. पीठ जहाजानं यायचं, टिकायचं नाही. लग्नापर्यंत कोण थांबणार?”

“आणि लग्न?”

“शनिवारी होतं.” लेटीनं वडीतला काटा काढून बशीच्या कडेला ठेवला. “जहाज गुरुवारी आलं आणि त्याच दिवशी त्याला घेऊन सुटलं. दोन दिवस आधी. माझ्या उभ्या आयुष्यात जहाज आधी आलेलं ते एकदाच.”

 पुढं वड्यांत मीठ कमी आहे एवढंच म्हणाली.

बुधवारी सकाळी खोलीत कुणी नसताना डेल्सीनं पेटी उघडली. हात कापडानं दोनदा पुसले, ते कोरडे होते तरीही. १९३०. नोव्हेंबर. नोंद क्रमांक दोनशे बारा.

नोंद होती.

डेल्सी आधी खुर्चीत बसली, मग तिनं वाचलं. जुन्या पाद्र्यांच्या तिरक्या अक्षरात सगळं व्यवस्थित भरलेलं होतं. अर्नेस्ट गिल्बर्ट हॉब्डे, वय सव्वीस, अविवाहित, तारेच्या कचेरीत नोकरी. वधूचं नाव, वय, बापाचा धंदा. तारीख त्या शनिवारची. पाद्री शिस्तीचे होते. गर्दीच्या दिवशी घोटाळा नको म्हणून आदल्या आठवड्यातच रकाने भरून ठेवत. खाली सह्यांची जागा. वराची सही नाही. साक्षीदारांची नाही. पाद्र्यांची नाही. वधूच्या रकान्यात मात्र मोठ्या, दाबून काढलेल्या अक्षरांत ‘लेटिशिया’ होतं. शेवटच्या अक्षरावर शाईचा ठिपका पडला होता.

म्हणजे जहाज गेल्यावर दोन दिवसांनी, शनिवारी, ती इथं आली होती. बहुधा पांढऱ्या कपड्यांत. आणि पाद्र्यांनी तिच्यासमोर रजिस्टर उघडून दौत पुढं केली होती. नंतर ती नोंद खोडायला हवी होती. खोडली नव्हती. दोनशे तेरावी नोंद पुढच्या वर्षीची, दुसऱ्याच कुणाची.

डेल्सीला रडू आलं नाही. तिला घाम आला. कारण नक्कल म्हणजे काय, हे तिच्याइतकं बेटावर कुणाला माहीत नव्हतं. नकलेत कुणाचीच सही नसते. नवऱ्याची, बायकोची, साक्षीदारांची, सगळ्यांची नावं डेल्सीच्याच गोल अक्षरात उतरतात आणि खाली पाद्री टिंडल ‘मुळाबरहुकूम’ म्हणून सही ठोकतात. मूळ पानाला बोटसुद्धा लावायला नको. चार कोऱ्या जागी चार नावं लिहायची, बस्स. हॉब्डे पहिला. जुने पाद्री दुसरे. राहिले दोन साक्षीदार. ते तिनं केक खाणाऱ्यांतून निवडले, आणि त्यातही जे खात्रीनं कबरस्तानात आहेत अशांतून.

लिहिताना हात स्थिर होता, याचंच तिला पुढं कितीतरी वर्षं नवल वाटत राहिलं. नक्कल वाळली तशी तिनं ती दुसऱ्या पाच नकलांच्या मध्ये घातली, तिसरी. पहिली नको, शेवटचीही नको.

दुपारी टिंडलसाहेब आले. त्यांना गव्हर्नरच्या बंगल्यावर, म्हणजे खऱ्या गव्हर्नरच्या, चहाला जायचं होतं.

“किती आहेत आज, मिसेस क्लिंगम?”

“सहा, फादर.”

“इथल्या लोकांना अचानक पूर्वजांची एवढी ओढ लागली, मोठी हृद्य गोष्ट आहे.” त्यांनी पेनाचं टोपण काढलं. पहिली सही. दुसरी. तिसऱ्या कागदावर पेन थांबलं.

“हॉब्डे.”

डेल्सी खिडकीची काच पुसू लागली. काच स्वच्छ होती.

“आमच्या केंटमध्ये हॉब्डे खंडीभर आहेत,” टिंडल म्हणाले. “माझा गणिताचा मास्तर हॉब्डे होता. दुष्ट माणूस.” आणि सही केली.

गुरुवारी पाकीट आणि मिरचीची पुडी टपालात पडली. जहाज सुटलं तेव्हा डेल्सी आईच्या ओसरीवर होती. लेटी पाटीत शेंगा सोलत होती. समुद्राकडं न बघताच तिनं विचारलं, “पाठवलीस?”

“पाठवली.”

“सह्या होत्या?”

“सगळ्या होत्या,” डेल्सी म्हणाली.

लेटीचे हात थांबले.  ती म्हणाली, “त्यानं कसं लिहिलंय? सहीत?”

“अर्नेस्ट हॉब्डे.”

“गिल्बर्ट नाही?”

“नाही.”

“तो नेहमी गिल्बर्ट लिहायचा,” लेटी म्हणाली. “दुकानाच्या चिठ्ठीवरसुद्धा. मला विचारायचं होतंस.” आणि पुन्हा शेंगा सोलू लागली.

जहाज तोवर रेघेएवढं झालं होतं.

त्या दिवसापासून डेल्सीच्या पोटात जे बसलं ते हललं नाही. केंटचा दाखला, वरच्या रकान्यातलं नाव आणि खालची सही कुणी शेजारी शेजारी ठेवली तर? ठेवणारा कारकून कसा असेल, हे ती वेदीची कापडं इस्त्री करता करता रंगवी. कधी तो जाड भिंगांचा असे, कधी तरुण आणि नव्यानं लागलेला, म्हणजे आणखी वाईट. एक जानेवारी आली. बेटभर लोक उठले, आरशात बघितलं आणि काही फरक दिसत नाही म्हणून पुलाव शिजवायला लागले. मार्चात रेडिओवर आलं की फॉकलंडवाल्यांना पार्लमेंटनं सगळं परत दिलं. हेन्सिल चर्चच्या पायरीवर उभा राहून समुद्राकडं दुर्बीण लावू लागला. कुणी विचारलं की म्हणे, “शत्रूची वाट बघतोय.”

एप्रिलात कोरिंडाचं पत्र आलं. डेल्सीनं ते उभ्यानंच फोडलं.

‘झालं! कचेरीतल्या बाईनं कागद घेतले, शिक्का मारला आणि मला विचारलं की सेंट हेलेना आफ्रिकेत आहे की वेस्ट इंडीजमध्ये. पुढच्या महिन्यात इस्पितळात रुजू होतेय. आजीला सांग, तिच्या लग्नामुळं मी नर्स होणार.’

डेल्सीनं आईला तेवढं वाक्य वाचून दाखवलं. लेटी म्हणाली, “मग? लग्नं काय गंमत म्हणून करतात?”

पण शिक्का बसला म्हणजे प्रकरण मिटलं, असं मानणाऱ्यांतली डेल्सी नव्हती. शिक्का मारता येतो तसा खोडताही येतो. पेपरात एकदा आलं होतं की कुणा माणसाचे कागद खोटे निघाले म्हणून अकरा वर्षांनी त्याला घरातून उचलून विमानात बसवलं. ते कात्रण तिनं कापलं आणि जाळलं. जवळ सापडायला नको म्हणून. टिंडल गेले, त्यांच्यामागून चार पाद्री आले नि गेले. दर नव्या पाद्र्याला ती पहिल्याच आठवड्यात सांगे की जुन्या रजिस्टरांना वाळवी लागलीय, हात लावला तर पानं सुटतात. पाद्री हळहळत आणि किल्ली तिच्याकडंच ठेवत. गुडघे गेले तरी तिनं काम सोडलं नाही. लोक म्हणत, केवढी भक्ती.

१९९० साली लेटी वारली. दगडावर ‘मिसेस हॉब्डे’ कोरायला डेल्सीनं सांगितलं. पाथरवटानं मान हलवली आणि कोरलं. त्याच्या आजोबांनीही केक खाल्ला होता.

मग २००२ साल आलं. बेट सापडल्याला पाचशे वर्षं झाली म्हणून एकवीस मेला घंटा वाजणार होत्या. त्याच दिवशी विलायतेचा आणखी एक कायदा लागू होणार होता: बेटावरचे सगळेच पुन्हा पुरे ब्रिटिश. आजोबा असो नसो. हेन्सिलच्या नातवंडांनी बाजेवाल्याची नक्कल फ्रेममधून काढली आणि तीत गव्हर्नरचाच फोटो लावला. तो दोन वर्षांपूर्वी गेला होता, शत्रूची वाट बघून.

डेल्सी एक्काहत्तर वर्षांची झाली होती. तिनं पाचव्या पाद्र्याला गाठलं.

“फादर, ज्यांना हे आधीच मिळालंय त्यांचं काय?”

“काय व्हायचंय? त्यांना तर आहेच.”

“आणि समजा, आधीचं काढून घेतलं? काही चूक निघाली म्हणून?”

पाद्र्यांनी तिच्याकडं नीट बघितलं. “माणूस बेटावर जन्मलाय ना? मग एकवीस तारखेपासून ते ह्या कायद्यानं मिळेल. तुम्हाला कुणाची काळजी आहे, मिसेस क्लिंगम?”

“कुणाची नाही,” डेल्सी म्हणाली. “असंच.”

घरी येऊन ती पलंगावर बसली. पोटातलं आता हलेल म्हणून वाट बघत राहिली. ते हललं नाही. सवयीनं बसून होतं.

त्या सोहळ्यासाठी कोरिंडा जहाजानं आली. चव्वेचाळीस वर्षांची, वॉर्डाची मुख्य परिचारिका, आवाजात हुकूम आलेला. तिसऱ्या दिवशी चहा पिता पिता म्हणाली, “आई, पोरीला शाळेत घराण्याचा वृक्ष काढायचाय. आजीच्या लग्नाचं मूळ पान दाखव ना. फोटो काढून नेते.”

“वाळवी लागलीय त्याला.”

“मी जखमा बांधते गं रोज. पान नाही फाडणार.”

डेल्सीनं कप खाली ठेवला. एकवीस तारखेला दोन दिवस होते. तिनं मनाशी मोजलं, मग मोजणं सोडून दिलं आणि ॲप्रनच्या खिशात हात घातला.

“तू जा. दोनशे बारा नंबर. मी इथंच बसते.”

चर्चच्या बाहेरच्या बाकावर ती बसून राहिली. आतून पेटीचं झाकण वाजलं. मग पान उलटल्याचा आवाज, मग आणखी एक. मग काहीच नाही. घंटेच्या सरावाला आलेली दोन माणसं तिला ‘काय तार, बरी आहेस ना?’ म्हणून गेली, तिनं मान हलवली.  

कोरिंडा बाहेर आली. तिच्या हातात कॅमेरा होता, पण तिनं फोटो काढलेला दिसत नव्हता. ती आईशेजारी बसली. 

“एकटीनंच सही केली होती आजीनं?” कोरिंडानं विचारलं.

“हो.”

“आणि बाकीची नावं तू.”

“मी.”

“कुणाला कळलं असतं तर मला उचलून परत पाठवलं असतं, आई. पोरं शाळेत असताना. नोकरीवरून.” तिचा आवाज चढला आणि मग उतरला. “एका शब्दानं सांगितलं नाहीस.”

“सांगितलं असतं तर तूपण घाबरली असतीस,” डेल्सी म्हणाली. “एकीनं घाबरलं की पुरे होतं.”

 कोरिंडा उठली, पुन्हा आत गेली आणि पेटीला कुलूप लावलं. लागलंय की नाही हे तिनं दोनदा ओढून बघितलेलं डेल्सीला बाहेर ऐकू आलं.